हुरडा, चुना मारलेली भिंत आणि सोफियाचं 'बिग फोर'

आगटी

शीर्षक वाचून खाण्यापिण्याचा धागा समजून आलेल्यांनी आधीच माफ करा, हुरडा मधी मधी येईल पण विषय थ्रॅश मेटलचा, म्हणजे लई वेगाच्या दणक्याच्या गिटार-संगीताचा आहे.

तर झालं असं की दरवर्षी जानेवारीत चुलतभावाच्या आखाड्यावर आमचा हुरडा असतो. अंबाजोगाईपासून आत, रस्ता सांगण्यात अर्थ नाही, एकदा येऊन चुकल्याशिवाय सापडत नाही. दरवर्षी कोणाच्या तरी मोबाईलवर गाणी लागतात, नंतर मामा लोक राजकारणावर येतात आणि रेवड्या संपायच्या आत भांडणं. यंदा मी म्हणलं, या वेळी लावायचं ते मी लावणार. घरचे म्हणले लाव की, त्यांना वाटलं जुनं हिंदी लावील.

माझ्याकडं 'बिग फोर : लाइव्ह फ्रॉम सोफिया'ची दोन डिस्कवाली डीव्हीडी आहे, पुण्यात नोकरीला होतो तेव्हा घेतलेली. आता लॅपटॉपला डिस्क घालायला भोकच नसतं म्हणून कपाटात धूळ खात होती. बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागवला, लातूरच्या एका क्लासवाल्या मित्राकडून प्रोजेक्टर आणला (त्याच प्रोजेक्टरवर सकाळी पोरांना हृदयाचे चार कप्पे दाखवले होते, संध्याकाळी त्यावर स्लेअर), पडदा म्हणून कोठ्याची भिंत, पोळ्याला चुना मारलेली, आणि साउंडला गावातलाच एक पोरगा, वरातीचा डीजे लावतो तो, दोन बेस दोन टॉप घेऊन टेम्पोत हजर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेअर आणि अँथ्रॅक्स हे अमेरिकेतले चार बँड म्हणजे थ्रॅशचे बिग फोर. चौघंबी १९८१ ते ८३ च्या काळात निघालेले, पण चौघं एका स्टेजवर आले ते थेट २०१० च्या जूनमध्ये, १६ तारखेला पोलंडात वॉर्साला आणि २२ तारखेला बल्गेरियात सोफियाच्या वासिल लेव्हस्की स्टेडियमवर. सोफियाचा कार्यक्रम सॅटेलाइटवरून परदेशातल्या थेटरांत दाखवला, नंतर त्याच वर्षी डीव्हीडी आली.

सुरुवात अँथ्रॅक्सनं. आणि आवाज असा की पत्र्यावर गारा पडायल्यात. सगळं एकात एक. धडधड ऐकू येती पण गिटार नाही, गाणारा तोंड उघडतोय मिटतोय, शब्द नाही. आत्या म्हणली याला बोलता येत नाही का रे. माझीच इज्जत जायला लागली. साउंडवाला पोरगा मात्र गप ऐकत उभा होता, कान एका बाजूला वाकडा करून, मग म्हणला दादा एक मिनिट थांबवा, आणि मिक्सरवर काहीतरी खालीवर केलं, बेस अर्धा कमी केला, मधला वाढवला, आणि समोर कडब्याच्या गंजीपल्याड जो पत्र्याचा मोठा शेड आहे तिकडं तोंड करून ठेवलेले बॉक्स उचलून रानाकडं फिरवले. परत लावलं. आईशप्पथ सांगतो, मी ही डीव्हीडी पन्नास वेळा बघितली असंल, त्या रात्री पहिल्यांदा मला दोन गिटार वेगळ्या ऐकू आल्या.

तो पोरगा मेटल आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. म्हणला, दादा हे गोंधळातल्या संबळासारखं आहे, एक जाड एक बारीक, दोन्ही येगळे निघाले तरच मजा, नाहीतर नुसतं पत्रा. आम्ही पंधरा वर्षं हेडफोन घालून जे बोलू शकलो नाही ते यानं दहा मिनिटांत सांगितलं.

मेगाडेथपर्यंत बरं चाललं. स्लेअर लागलं, दोन गाणी झाली, आणि काकांचा गावातून फोन. बॉक्स रानाकडं फिरवल्यामुळं आवाज पार गावात गेला होता आणि गावात सप्ता बसलेला, महाराजांचं कीर्तन ऐन रंगात. कमी करा म्हणले. आता कीर्तनावर स्लेअर म्हणजे हद्दच झाली, आम्ही आवाज इतका बारीक केला की आगटीत ज्वारीचं कणीस फुटलेलं ऐकू यावं.

आणि हेच मला सांगायचंय ज्याच्यासाठी एवढा धागा काढला. आवाज गेल्यावर आम्ही पहिल्यांदा ती फिल्म बघितली. टॉम अराया, स्लेअरचा गाणारा आणि बेस वाजवणारा, ज्याची मान फिरवायची पद्धत जगात नावाजलेली, तो पूर्ण वेळ सरळ उभा आहे. मान हलत नाही. खांद्यावर घागर घेतलेल्या बाईसारखा ताठ. मला कारण माहीत होतं, त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या मानेचं ऑपरेशन झालतं, इतकी वर्षं हेडबँगिंग करून मणके गेले, पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. शेजारी त्यांचे गिटारवाले केरी किंग आणि जेफ हॅनेमन केसं-मुंडकं आपटायलेत (किंगला केस नाहीत ते सोडा) आणि मधी हा खांबासारखा. फक्त डोळे आणि जबडा. आवाज मोठा असताना इतक्या वेळा बघूनबी मला हे कधी दिसलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, कॉन्सर्टची फिल्म लोक गाणी ऐकायला लावतात, मग म्हणतात अल्बमच बरा होता. अरे मग अल्बमच ऐका. फिल्म हात आणि चेहरे बघायला असती.

तुम्ही लोकांनी कोणत्या बघितल्या, कशा बघितल्या, लिहा.

परभणीचा_पाहुणा

हहपुवा. कीर्तनावर स्लेअर 😂 महाराजांनी दुसऱ्या दिवशी दृष्टांत दिला असंल बघा.

बाकी फोटो टाका भिंतीचा.

टॉप_बेस

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, नांदेडला शिकलो आणि कॉलेजात असताना गॅदरिंगचे साउंड केलेत म्हणून दोन शब्द. तुमच्या पोरानं जे केलं ते नशिबानं नाही केलेलं, त्याला कान आहे.

वरातीच्या सेटिंगात बेस वर, वरचा कर्रकर्र आवाज वर आणि मधला खाली असतो, कारण तिथं लोकांना फक्त छातीत धप पाहिजे. थ्रॅशमध्ये गिटार आणि गळा दोन्ही त्या मधल्यातच राहतात. तो कापला की गाणं गेलं. दुसरं, डबल बासचा ड्रम म्हणजे नुसता धप नाही, धप खाली ६०-८० हर्ट्झला आणि पायाच्या ठोक्याची टिक वर ३-४ हजार हर्ट्झला. वेगात वाजवताना ती टिकच ठोके वेगळे करती, खालचा धप एकमेकांत मिसळतोच. त्याचं संबळाचं उदाहरण शंभर टक्के बरोबर.

आता शेडचं. मिनिटाला २०० ची लय धरा, एका मात्रेत चार ठोके, म्हणजे सेकंदाला १३ च्या वर, दोन ठोक्यांत अंतर ७५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज साधारण २५ मीटर जातो. तुमचा पत्र्याचा शेड बॉक्सपासून १२-१३ मीटरवर असंल तर जाऊन येऊन २५ मीटर, म्हणजे मागचा ठोका शेडवर आपटून बरोबर पुढच्या ठोक्याच्या डोक्यावर येऊन बसला. गारा पडल्यासारखं वाटणारच की. लावणीला किंवा भजनाला हे जाणवत नाही, तिथं ठोक्यांत जागा असती.

आगटी

@टॉप_बेस, आज मुद्दाम पावलं टाकून मोजलं. सोळा पावलं. माझं पाऊल अडीच फुटाचं धरा.

साउंडवाल्याला तुमचं वाचून दाखवलं, तो म्हणला हे गणित नाही माहीत पण शेडसमोर हलगी वाजवली की दोन हलग्या ऐकू येतात हे लहानपणापासून माहीत आहे.

टॉप_बेस

४० फूट म्हणजे १२ मीटर. 🙏 त्याच्या हलगीनं माझं गणित पास झालं.

गोदाकाठ

धागा मस्त. पण मला ही सोफियाची फिल्म कधीच पूर्ण बघवली नाही, कॅमेरा दर दोन सेकंदाला उडी मारतो. सोलो सुरू झाला की गर्दी दाखवायची, गर्दीतून ड्रमर, ड्रमरवरून परत वरून अख्खं स्टेडियम, अहो बोटं दाखवा ना बोटं. तुम्ही म्हणता हात बघायला फिल्म असती, पण हात टिकतोय कुठं पडद्यावर.

मेटॅलिकाचं बघायचं तर १९९३ ला आलेला तो मोठा बॉक्स होता त्यातलं सिअ‍ॅटल १९८९ बघा. बँड तरुण, 'अँड जस्टिस' अल्बमचा दौरा, कॅमेरे जागेवर, आणि हेटफिल्डचा, म्हणजे त्यांच्या गाणाऱ्या गिटारवाल्याचा, उजवा हात दिसतो. थ्रॅशचं सगळं गणित त्या उजव्या हातात आहे. सगळे ठोके वरून खाली, वर जाताना तार वाजवायचीच नाही. ज्याला वाटतं सोप्पंय त्यानं शेतात विळ्यानं एकाच दिशेनं तासभर गवत कापून बघावं आणि मग सांगावं मनगटाचं काय होतं. मी तीन वर्षं गिटार धरली, 'मास्टर ऑफ पपेट्स'ला दुसऱ्या मिनिटाला हात दगड होतो.

त्याच बॉक्समध्ये सॅन डिएगो १९९२ पण आहे, स्टेजच्या मधी खड्डा ठेवलेला आणि त्यात प्रेक्षक उभे. ते बघायला भारी आहे पण हात बघायला सिअ‍ॅटल.

माळकरी_मेटलहेड

गोदाकाठ यांना +१. उजव्या हाताचं विळ्याचं उदाहरण उचलून ठेवलं.

मी माळकरी आहे आणि स्लेअर ऐकतो, हे घरी सांगता येत नाही म्हणून इथं सांगतो. लोक म्हणतात सैतानाचं संगीत. तर टॉम अराया स्वतः कॅथलिक आहे, देव मानतो, तसली गाणी जास्त करून हॅनेमन आणि किंग यांनी लिहिलेली. आमच्याकडं भारुडात नाही का, भुताखेताचं सोंग घेऊन नाथांचं वाजवतात, म्हणून सोंग घेणारा काही भूत होत नाही.

तुळजाई_९

आगटी, तुमच्या आत्याचं वाचून आमची आई आठवली.

मी संभाजीनगरची (तेव्हाचं औरंगाबाद). २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिका भारतात आली तेव्हा भाऊ आणि मी गेलो होतो. आधी दिल्लीच्या शोचा विचार होता, २८ तारखेचा गुरुग्रामचा, बरं झालं गेलो नाही, तिथं लोकांनी बॅरिकेड तोडले आणि शो रद्द झाला. ३० तारखेला बेंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर झाला. घरी सांगितलं बँकेच्या परीक्षेला चाललोय. सोलापूरपर्यंत एसटी, तिथून उद्यान एक्स्प्रेस, जनरल डब्यात. भावानं खरंच एक परीक्षेचं पुस्तक बॅगेत घातलं होतं, आईनं बॅग उघडून बघितली तर असावं म्हणून.

आता खरं सांगू का. त्या दिवशी मला काही दिसलं नाही. माझी उंची पाच फूट. समोर पाठी, हात, वर आलेले मोबाईल. मेटॅलिकाच्या शोआधी लागतं ते मोरिकोनेचं सिनेमातलं संगीत वाजलं आणि सगळे एकदम पुढं सरकले, माझा डावा बूट गेला, तो गेलाच. पहिल्या गाण्यात मी नुसती छाती धडधडताना ऐकली, वाजवणारे दिसलेच नाहीत. नंतर भावानं खांद्यावर घेतलं तेव्हा पंधरा सेकंद हेटफिल्ड दिसला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

म्हणून तुमचं हात-चेहऱ्याचं म्हणणं मला पटतं. जे तिथं असतात त्यांना दिसत नाही, दिसतं ते फिल्मवाल्यांना. पण तो धक्का फिल्ममध्ये नाही हो. एका बुटावर परत आले आणि एकदासुद्धा वाईट वाटलं नाही.

परीक्षा कशी गेली म्हणून आईनं विचारलं. कठीण होती म्हणलं.

परभणीचा_पाहुणा

तुळजाईताई 🙏🙏 "कठीण होती" 😂😂

निजाम_टाईम

कोणी मारायला येऊ नका पण मला प्रामाणिक प्रश्न आहे. वय ५८. आमच्या काळात उस्मानाबादला मेळे, कलापथकं, कव्वाली. पोरगा हे ऐकतो म्हणून मी धागा उघडला. एवढ्या मोठ्या आवाजात ओरडण्यात संगीत कुठं असतं? टवाळी नाही करायलो, समजून घ्यायचंय.

गोदाकाठ

निजाम_टाईम काका, मारायला कशाला येतोय. मी प्रयत्न करतो. हे संगीत १९८० च्या आसपास दोन घरांतून आलं. एक ब्रिटिश हेवी मेटल, त्यातून गिटारची कारागिरी, दुसरं हार्डकोअर पंक, त्यातून वेग आणि राग. दोन्ही एकत्र केलं सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्ककडच्या विशीतल्या पोरांनी. मेटॅलिकाचा पहिला अल्बम १९८३ चा. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' १९८६ चा, दहा गाणी आणि अख्खा अल्बम २९ मिनिटांचा. कव्वालीत एक ओळ फिरवून फिरवून माणसाला वेडं करतात ना, तसं इथं एक रिफ असतो, गिटारचा छोटा तुकडा, तो परत परत, दरवेळी थोडा बदलून, आणि तुम्ही सवयीला लागलात की मोडून दुसऱ्या लयीत. गळा शेवटी बघायचा. आधी टाळी कुठं पडती ते धरा.

पोराला म्हणा स्लेअरनं सुरुवात नको. अँथ्रॅक्स लावा, त्यांच्याकडं जरा हसूबी असतं.

निजाम_टाईम

कव्वालीचं पटलं थोडं. आज संध्याकाळी ऐकतो.

मु_पो_उदगीर

मी २०१२ ला बेंगळुरूत स्लेअर बघितलं, ऑक्टोबरात. तेव्हा हॅनेमन नव्हता, आजारपणामुळं २०११ पासूनच एक्झोडस नावाच्या दुसऱ्या थ्रॅश बँडचा गॅरी होल्ट त्याच्या जागी वाजवायला. होल्ट वाईट नाही, उलट हाताला स्वच्छ, पण आम्ही हॅनेमनसाठी गेलतो. पुढं मे २०१३ ला तो गेलाच.

म्हणून सोफिया मला वेगळीच दिसती. त्यात तो आहे, धडधाकट, त्याच्या कोपऱ्यात. कॅमेरा त्याच्यावर फार जात नाही, तोबी कॅमेऱ्याकडं बघत नाही. सगळे किंगकडं बघतात, साखळदंड बिखळदंड. पण 'रेनिंग ब्लड'ची ती सुरुवात कोणाची म्हणाल तर हॅनेमनची. गोदाकाठ म्हणतात कॅमेरा उड्या मारतो, खरंय, पण मी ती फिल्म थांबवून थांबवून बघतो. थांबवली की हात दिसतो.

ढगफुटी

स्लेअरचा विषय निघालाच आहे तर 'स्टिल रेनिंग' कोणी बघितली का नाही? २००४, अमेरिकेत मेन राज्यातल्या ऑगस्टा गावातला शो, 'रेन इन ब्लड' अख्खा ओळीनं वाजवलेला, ड्रमवर जुना डेव्ह लोम्बार्डो परत आलेला, आणि शेवटच्या गाण्यात वरून लाल रंगाचं नकली रक्त, पाऊसच. सगळे चिंब. गिटारी लाल, फरशी लाल, आणि वाजवणं थांबत नाही. आता विचार करा ओल्या तारेवर बोट घसरतं, डोळ्यात रंग जातो, आणि वेग तोच.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मला धुळवड आठवली बापू, सरळ सांगतो. भीती वगैरे काही वाटली नाही.

गोदाकाठ

ती आहे माझ्याकडं. पण तिथं सोंग जास्त, माळकरी यांच्या भाषेत. मला विचाराल तर मेगाडेथची ब्यूनस आयर्सची बघा, ९ ऑक्टोबर २००५ चा शो, फिल्म २००७ ला आली. अर्जेंटिनाचे लोक शब्द नाही गात, रिफ गातात. 'सिम्फनी ऑफ डिस्ट्रक्शन'च्या गिटारवर हजारो लोक एका सुरात आपल्याच शब्दांत मेगाडेथ मेगाडेथ करायलेत. त्यांचा गाणारा डेव्ह मस्टेन वाजवताना हसतो त्यात, आणि मस्टेन हसणं म्हणजे दुष्काळात पाऊस.

परभणीचा_पाहुणा

ती मेटॅलिकाची सिनेमावाली पण होती ना, मधी एक पोरगा हिंडतो ती?

ढगफुटी

'थ्रू द नेव्हर', २०१३. एक पोऱ्या शो चालू असताना बॅग आणायला बाहेर जातो आणि शहरात दंगल पेटलेली. धंदा पडला तिचा. शेवटपर्यंत बॅगेत काय ते सांगतच नाहीत. शो कॅनडात शूट केलेला आहे आणि शोचा भाग एक नंबर, कॅमेरा ड्रमच्या पार आत जातो, पण दर वेळी गाणं रंगात आलं की तो पोऱ्या मधी येतो. अरे जा ना बाबा तू बॅग घेऊन.

मु_पो_उदगीर

😂

मॉस्को १९९१ राहिलं की. २८ सप्टेंबर, तुशिनो विमानतळ, फुकट शो, एसी/डीसी, मेटॅलिका, पँटेरा. गर्दीचे आकडे जो तो आपल्या मनानं सांगतो, आपल्या सभांसारखंच. पण त्यात बघायचे ते शिपाई. गणवेशातले सोव्हिएत शिपाई गर्दी आवरायला उभे केलेले आणि त्यातला एखादा हळूच मान हलवायला लागतो. ऑगस्टात तिथं सत्ता उलथवायचा प्रयत्न झालता आणि डिसेंबरात तो देशच राहिला नाही.

तुळजाई_९

आगटी, तुम्ही मेटॅलिकाचं लिहिलंच नाही. दुसरी डिस्क लावली का नाही? आणि आत्या शेवटपर्यंत थांबल्या का?

आगटी

लिहितो लिहितो, काल हरभऱ्याला पाणी होतं, रात्रीची लाईट, म्हणून गायब होतो.

कीर्तन दहाला संपलं, मग आवाज परत वाढवला. तोपर्यंत निम्मे पाव्हणे गेलते. राहिले आम्ही सहा-सात जण, आत्या, सालगडी काका आणि साउंडवाला. गारठा असला की प्रोजेक्टरच्या गरम हवेपाशी हात धरून बसलेलो.

मेटॅलिकाच्या सेटच्या शेवटी तो प्रसंग येतो. 'अ‍ॅम आय ईव्हिल', मूळ गाणं डायमंड हेड नावाच्या इंग्लिश बँडचं, १९८० चं. चारही बँडचे लोक एका स्टेजवर. (स्लेअरकडून एकटा लोम्बार्डो आला, बाकीचे तिघं आले नाहीत, हे मला आजवर खटकतं.) आणि मस्टेन आणि हेटफिल्ड गळ्यात पडतात.

आत्यानं विचारलं हे कोण, एवढं काय झालं. मी सांगितलं, हा तांबड्या केसाचा आधी त्यांच्याच बँडमध्ये होता, पिऊन भांडायचा, १९८३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला असताना यांनी झोपेतून उठवून सांगितलं तू जा, आणि बसमध्ये बसवून दिलं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, चार दिवसांचा प्रवास. त्यानं मग स्वतःचा बँड काढला तो मेगाडेथ. करोडो रेकॉर्ड विकूनबी तो त्या बसचं बोलत राहिला.

आत्या म्हणली भाऊबंदकी. मी म्हणलं हो तसंच. किती वर्षं? म्हणलं २७. सालगडी काका आगटीत काडी घालता घालता म्हणले, मंग लवकर मिटलं की, तुमच्या अन् त्या वरच्या मळ्यावाल्यांच्या बांधाला चाळीस झाले.

चुलतभाऊ गप झाला. मी डिस्क पुढं ढकलली.

गोदाकाठ

काका जिंकले. धागा काकांच्या नावावर करा.

ती मिठी कॅमेऱ्यासाठी होती असं मी आजवर मानत आलो. चार बँड, थेटरात सगळीकडं दाखवायलेत, मिठी तर होणारच. थांबवून परत बघतो.

मु_पो_उदगीर

असू दे की कॅमेऱ्यासाठी. लग्नात मांडवात रुसलेला मामा फोटोपुरता येऊन उभा राहतो, तोबी आल्याला धरतातच ना.

माळकरी_मेटलहेड

अँथ्रॅक्सच्या सेटमध्ये एक आहे, कोणी लिहिलं नाही. 'इंडियन्स' चालू असताना मधीच ते ब्लॅक सॅबथ बँडचा गायक रॉनी जेम्स डिओ, त्याच्या 'हेवन अँड हेल' गाण्याचा तुकडा घेतात. डिओ १६ मे २०१० ला गेला होता, म्हणजे सव्वा महिना. बाराव्या-तेराव्याचं पाणी वाळलं नाही तोवर. काही घोषणा नाही, भाषण नाही, गाण्यातून गाणं काढलं आणि परत आत घातलं. आमच्याकडं दिंडीतला एखादा वारकरी गेला की पुढच्या वारीत त्याचा आवडता अभंग मधी घेतात, तसं.

निजाम_टाईम

अँथ्रॅक्स ऐकलं. पोरगा शेजारी बसला होता, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत अर्धा तास बसला. तिसऱ्या गाण्यात टाळी कुठं ते सापडलं. गळा अजून नाही.

कानाचं काय पण? आवाज किती ठेवायचा?

टॉप_बेस

काका बेताचा. साधा हिशोब, ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात, दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २. वरातीच्या डीजेसमोर १०० च्या वर सहज जातं, तिथं मिनिटांवर हिशोब येतो. मेटॅलिकाच्या लार्स उलरिकला कानात कायमचं वाजत राहतं, त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे. शोला जाणाऱ्या पोरांनी इयरप्लग घाला, मेडिकलमध्ये मिळतात, कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही.

आगटी, तुमच्या त्या पोरालाबी सांगा. रोज रात्री बॉक्सशेजारी उभा राहतो तो.

आगटी

सांगितलं. प्लगची जोडी घेऊन दिली. आधी म्हणला हे घातल्यावर मला संबळ कसा ऐकू येईल, मग घालून बघितले आणि म्हणला, येतोय की, उलट जास्त साफ येतोय.

फोटो टाकत नाही, भिंतीवर आत्या शेण्या थापायली.

पुढच्या जानेवारीला कोण कोण येणार ते इथंच सांगा, ज्वारी गुळभेंडी आहे, चटणी दोन प्रकारची, कमी पडणार नाही. फिल्म गोदाकाठ यांनी सिअ‍ॅटल आणावी. तारीख सप्ता बघून ठरवू.

आणि आत्ताच त्या साउंडवाल्याचा फोन येऊन गेला. पुढच्या आठवड्यात केजकडं वरात आहे, त्यात त्या टकल्याचं, साखळ्यावाल्याचं एक गाणं मधी टाकू का म्हणून विचारायला. मी विचारलं नवरदेव कशावर आहे. म्हणला घोड्यावर.

म्हणलं मग नको टाकू.